पाय पाहणाऱ्या मामी

मामी माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच पाहायच्या नाहीत. वॉर्डात शिरल्या की त्यांची नजर पलंगाच्या पायथ्याशी. चादर वर सरकवायची, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायचे आणि इतका वेळ पाहायचं की पेशंटला वाटावं, आपल्या पायाला काहीतरी लिहिलेलं आहे. मग तळहाताची मागची बाजू आधी एका पोटरीला, मग दुसऱ्या. एक पोटरी जास्त गरम लागली की भुवई वर जायची. हे सगळं आटोपल्यावर मान वर करून विचारायच्या, "झोप लागली का?" मोठे डॉक्टर अजून रिपोर्ट चाळत असायचे, तोवर मामींचं निदान झालेलं असायचं. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर. जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेला, पण पाहायला मला या नर्सबाईंनी शिकवलं.

आमची पहिली भेट भांडणानं झाली. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रोज एखाद्या जुन्या इमारतीवर नव्या खात्याची पाटी चढायची, भोपाळहून आलेले साहेब लोक घरं शोधत हिंडायचे आणि आमच्या जुन्या रुग्णालयालाही नवा रंग लागला होता. मी नवी, हातात नवा अधिकार, त्यामुळे जरा जास्तच तोऱ्यात. मेडिसिनच्या वॉर्डातून एका पेशंटचं रक्त यायचं ते नेमकं गोठलेलं. एकदा झालं, दोनदा झालं. लॅबमध्ये अशा नळीवर एकच शेरा मारायची पद्धत होती, 'गोठले आहे, पुन्हा पाठवा'. तिसऱ्यांदा मी फोन उचलून सुनावलं, "रक्त काढता येत नसेल तर शिकून घ्या."

दहा मिनिटांत एक ठेंगणी, सावळी, पन्नाशीकडे झुकलेली बाई माझ्या टेबलासमोर उभी. सिस्टरची पांढरी साडी पार जमिनीला टेकलेली, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिंप्याची पिवळी टेप. त्यांनी नळी माझ्यासमोर ठेवली.

"बावीस वर्षं रक्त काढून राहिली मी, डॉक्टर. माह्या हाताले नावं ठेवा, काही हरकत नाही. पण या रक्तालेही एकदा विचारा, की बाबा, तू काहून गोठून राहिला?"

मी नळी उचलून उजेडात धरली. हा प्रश्न मला सुचायला हवा होता, आणि तो सुचला होता त्यांना.

त्या मला हाताला धरूनच वॉर्डात घेऊन गेल्या. पलंगावर गुढियारीच्या मालधक्क्यावर उभा जन्म पोती वाहिलेला एक सत्तरीचा म्हातारा होता. पोट दुखतं, भूक नाही, एवढीच तक्रार. त्यांनी माझ्यादेखत पुन्हा रक्त काढलं, आणि खरंच, सुई बाहेर येते न येते तोच सिरिंजमध्ये रक्तानं काळपट धागा धरला. हात त्यांचा स्थिर होता. चूक हाताची नव्हती. मग त्यांनी चादर सरकवली आणि म्हाताऱ्याच्या पायांना हात लावून टेप काढली. तो अवघडून हसला, पण पाय मात्र त्यानं निमूट पुढे केले. मला म्हणाला, "मामी आय मोर."

आता सत्तरीच्या म्हाताऱ्याला पन्नाशीची मामी कशी, ते सांगायला हवं. आपल्याकडे मामा-मामीच्या पाया पडायचं असतं. छत्तीसगढात उलटं. कौसल्या इथली लेक, म्हणून राम हा सगळ्या मुलखाचा भाचा, आणि म्हणून इथे मामा-मामीच भाच्याच्या पाया पडतात. भाच्यानं मामीच्या पायाला हात लावला तर मामीला पाप. आमच्या या सिस्टर भंडाऱ्याकडच्या, नोकरीसाठी तरुणपणी इकडे आलेल्या, एकट्याच राहिलेल्या. सुरुवातीला पेशंटच्या पायाला हात लावायला गेल्या की म्हातारे लोक पाय पोटाशी ओढून घ्यायचे. "झन छू नोनी, पाप परही." शिवू नको पोरी, लेकीनं पायाला हात लावला तर आम्हाला पाप लागेल. पाय पाहिल्याशिवाय यांना चैन नाही, आणि पाय कोणी दाखवेना. शेवटी एका म्हातारीपुढे त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मैं तुंहर मामी अंव. मामी भांची के पाँव परथे के नहीं?" मामी भाचीच्या पाया पडते की नाही, या प्रश्नानं म्हातारी विचारात पडली. "हव, परथे," म्हणाली, आणि पाय सरळ केले. त्या दिवसापासून अख्खा वॉर्ड त्यांचा भाचा झाला. सरकारी कागदावर त्यांचं नाव काहीही असो, रुग्णालयाला त्या मामी म्हणूनच ठाऊक होत्या.

टेप त्यांनी गोल बाजारातून आणलेली. गुडघ्याच्या हाडाखाली चार बोटं मोजायची, पेनानं खूण करायची, तिथे टेप लावायची. मग दुसरा पाय. दोन्ही आकडे एकमेकांच्या आसपास असले की पाय झाकायच्या. तीन बोटं... नव्हे, तीन सेंटिमीटरचा फरक निघाला की डॉक्टरच्या मागे लागायच्या. पाय सुजायला शंभर कारणं, आणि ती सगळी त्यांना हातानं कळायची. दोन्ही पाय सुजले तर हृदय नाहीतर मूत्रपिंड, डासाचा, म्हणजे हत्तीपाय, जुना आणि घट्ट, वाताचा गुडघ्यापाशी. "पण एकच पिंडरी, गरम, ताठ, आणि कालपरवाचीच असंन, तर आत गुठळी हाय. ती पायात हाय तोवर माणूस आपला. सुटून छातीत गेली की बोलायलेही टाइम नाही देत." हे त्या नव्या सिस्टरांना इतक्या शांतपणे सांगायच्या की ऐकणारीच्या अंगावर काटा यायचा.

त्या म्हाताऱ्याच्या पायात गुठळी निघाली. तिच्यामागे जठरात कॅन्सरची गाठ निघाली. उशीर झालेला होता, पण गुठळीवर वेळेत इलाज झाला म्हणून तो आपल्या पायांनी गुढियारीला परत गेला, आणि आणखी काही महिने नातवंडांत राहिला. जाताना त्यानं पाय पुढे केले आणि मामी वाकल्या. मला ते दृश्य विचित्र वाटायला हवं होतं. मला मात्र माझीच लाज वाटली, कारण या माणसाच्या रक्तावर मी दोनदा 'पुन्हा पाठवा' लिहिलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मामी लॅबमध्ये आल्या. या वेळी भांडायला नव्हे. "डॉक्टर, पोटातल्या गाठीचं पायाशी काय नातं? मले दिसते, पण समजत नाही. तुमच्या त्या दुर्बिणीतून दाखवा." मी एका ऑपरेशनमधून आलेल्या गाठीची काच लावली. आधी कडेची निरोगी जागा दाखवली. रक्तवाहिन्या गोल, भिंती नीट, आतलं रक्त आपल्या वाटेनं चाललेलं. मग काच सरकवून गाठीत नेली. तिथे सगळाच गोंधळ. वाहिन्या वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे आजूबाजूच्या घट्ट तंतूंनी दाबून चपट्या झालेल्या, कुठे मध्येच संपलेल्या. भिंती इतक्या विरळ की रक्त बाहेर झिरपलेलं. आणि एका वाहिनीत, रक्त जिथे जवळजवळ थांबलेलं, तिथे गुठळी.

मी सांगत गेले. गाठ घाईघाईनं आपल्यासाठी नव्या वाहिन्या मागवते, त्या कच्च्या निघतात. आसपासच्या चांगल्या पेशींनाही ती आपल्या कामाला लावते. त्या सगळ्या मिळून रक्ताला गोठायचे इशारे देत राहतात, आणि ते इशारे रक्ताबरोबर अंगभर फिरतात. जिथे प्रवाह आधीच संथ असतो, म्हणजे पोटरीत, तिथे रक्त बसतं. गुठळ्या पुन्हा गाठीच्याच उपयोगी पडतात, तिच्या पेशी त्यांच्या आडोशानं लपून पुढे सरकतात.

मामींनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे गाठ एकटी नाही राहत. तिचा पारा असते." पारा म्हणजे इकडे मोहल्ला. आमचं स्वतःचं घर तात्यापाऱ्यात. "पारा बिघडला ना पोरी, की चांगल्या घरची पोट्टीही तिथं जाऊन बिघडतात. नाली इकडं फुटते, आन् पाणी तुंबते तिकडं. तुम्ही लोक नुसत्या गाठीले पाहून राहिले. तिच्या पाऱ्याले पाहा."

मी या विषयावर जाडजूड पुस्तकं वाचली होती. पुढेही पुष्कळ वाचली, परिषदांना गेले, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवणारे विद्वान ऐकले. जे ऐकलं ते मामी त्या दुपारी स्टुलावर बसून बोलून गेल्या होत्या. त्या दिवसापासून मी 'डॉक्टर'ची 'पोरी' झाले, आणि अर्थातच भाची.

भाची झाल्यावर माझे पाय सुटले नाहीत. "तू दिवसभर बसून राहते, एकाच जागी," असं म्हणत लॅबमध्ये सर्वांदेखत माझ्या पोटऱ्या मोजायच्या. माझा जीव लाजेनं अर्धा व्हायचा. मी कधी नमस्काराला वाकले की मात्र झटकन दोन पावलं मागे. "अं हं! भाचीनं मामीच्या पाया नाही पडायचं. इथलं मीठ खाऊन राहिलो ना आपण? मग इथलीच रीत." पायांवर साडी आणखी खाली ओढायच्या. मला त्या रीतीचं कौतुक वाटायचं.

त्यांची नजर वॉर्डापुरती नव्हती. कोणाच्याही घरी गेल्या की दारातल्या चपला पाहायच्या. मला वाटायचं, सवय असेल. त्या सवयीचं मोल मला पाच-सहा वर्षांनी एका संक्रांतीला कळलं. आईनं हळदीकुंकवाला मामींना बोलावलं होतं. मी दार उघडलं तर मामी उंबऱ्याशी वाकून बाबांची सँडल हातात घेऊन उभ्या.

"या घरात डावा पाय कोणाचा सुजला?"

मी हसले. "कोणाचाच नाही. बाबांची आहे ती."

"मग डाव्या पट्ट्याचं बक्कल दोन भोकं मागं काहून आलं? जुनी घडी इथं दिसते, पाह्य."

मी पाहिलं. पट्ट्यावर जुन्या बकलाचा चरा स्पष्ट होता, आणि बक्कल त्याच्या दोन भोकं पलीकडे. मी काही बोलायच्या आत त्या चपला काढून थेट आतल्या खोलीत गेल्या. बाबा आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, आणि आई कोमट तिळाचं तेल घेऊन त्यांची डावी पोटरी रगडत बसलेली. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले बाबा मजेत डोळे मिटून होते.

"वहिनी, हात काढा! आधी हात काढा!"

आईच्या हातून वाटी पडली. मामींचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्यांनी बाबांना हलू दिलं नाही, गळ्यात नसली तरी पर्समध्ये असलेली टेप काढली, खुणा केल्या, मोजलं. साडेतीनचा फरक. आई घाबरून विचारत होती, तेलानं काय होतं, सगळेच तर लावतात. मामी तिच्याजवळ खाली बसल्या. "माह्या आईच्या पायाले मीच लावलं होतं, वहिनी. चोळून चोळून. तेव्हा मी शिकतच होती." एवढंच बोलल्या. आईनं तेलाचे हात पदराला पुसले. मग मला कळलं, ही बाई तीस वर्षं कोणाचे पाय शोधते आहे.

त्याच सकाळी मी बाबांना तिळगूळ देऊन पाया पडले होते. माझी बोटं त्याच सुजलेल्या पायाला लागली होती. मी डोळे मिटून नमस्कार केला आणि उठले. डॉक्टर मी, लेक मी, पाय माझ्या हाताखाली, आणि मला काही दिसलं नव्हतं. मामींना ते दाराबाहेरूनच दिसलं होतं.

बाबांची गुठळी मांडीपर्यंत चढलेली निघाली. इंजेक्शनं सुरू झाली, सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, बसून राहतात, होतं असं. पुष्कळदा तेच कारण असतं, आणि मलाही तेवढ्यावर थांबायचं होतं. मामी थांबेनात. बाबांचं वजन कमी झालंय, चेहरा फिक्का आहे, हे त्यांनी आल्या आल्या टिपलेलं. "गुठळी विरली, बेस झालं. पण ती झाली काहून, हे शोध. नाली साफ केली म्हणून पारा साफ होत नाही." रोज लॅबच्या दारात येऊन तोच प्रश्न. त्यांच्या जाचाला कंटाळून मी बाबांच्या तपासण्या पुढे रेटल्या. मोठ्या आतड्यात गाठ होती, लहान, काढता येण्याजोगी. ती काढली. त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले, नातीच्या लग्नात अक्षता टाकून गेले, आणि गेले ते भलत्याच, म्हातारपणाच्या कारणानं. प्रत्येक संक्रांतीला ते मामींपुढे दोन्ही पाय ठेवून म्हणायचे, "मोजा बाई, तुमचीच अमानत आहे." मामी खरंच मोजायच्या.

मामी निवृत्त झाल्या आणि तेलीबांध्याकडे बहिणीच्या मुलाकडे राहायला गेल्या. तो नव्या रायपुरात नोकरीला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मराठी समजायचं त्याला, उत्तर मात्र हिंदीत. तोही भाचाच, त्यामुळे मावशीच्या पाया पडायची त्यालाही बंदी. मी पंधरा दिवसांनी जायचे. खिडकीतून तलाव दिसायचा. मामी दारातच वाकायच्या, मग चहाआधी माझ्या पोटऱ्या मोजायच्या. एकदा मी सहज विचारलं, "मामी, तुमचे पाय कोण मोजतं?"

"स्वतःचे मोजता येत नाहीत पोरी. वाकलं की टेप सरकते." आणि हसून म्हणाल्या, "आन् मामीचे पाय कोण पाहते इथं?"

मीही हसले. चहा प्यायले. घरी आले.

त्यानंतर महिना झाला असेल नसेल. एका सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला. "दीदी, मौसी को साँस नहीं आ रही है. हॉस्पिटल ला रहा हूँ." मी खाली धावले. मामी ऑक्सिजनच्या मास्कमागे, ओठ निळसर. सगळे छातीकडे पाहत होते, नळ्या लावत होते. मी पायथ्याशी गेले आणि साडी वर सरकवली. इतक्या वर्षांत मी मामींचे पाय प्रथमच पाहत होते. लहानसे, टाचांना भेगा पडलेले, वॉर्डात हजारो फेऱ्या घातलेले पाय. डावी पोटरी ताठ, गरम, कातडी चमकणारी. टेप त्यांच्याच पर्समध्ये होती. चार बोटं मोजली, खूण केली, दोन्हीकडे लावली. टेप सरकली नाही.

मामींनी डोळे उघडले. बोटं जरा हलवून विचारलं, किती?

"चार," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, मी परीक्षेत पास झाल्यासारखी. मास्क बाजूला करायला लागल्या, मी नको नको म्हणत होते. दोनच शब्द आले. "काहून... शोध."

शोधायला वेळ मिळाला नाही. संध्याकाळच्या आत मामी गेल्या. त्यांच्या अंगात कुठे कोणता पारा बिघडला होता, की काहीच बिघडलं नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. कळतं ते एवढंच, की ज्या रीतीनं मामींना साऱ्या मुलखाचे पाय मिळवून दिले, त्याच रीतीनं त्यांचे पाय आमच्यापासून झाकून ठेवले, आणि मी शिकलेसवरलेली बाई ती रीत गोड मानून चहा पीत बसले. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी त्या मागे सरकल्या नाहीत, आणि माझ्यानं ते सोसेना.

ती पिवळी टेप आता माझ्या गळ्यात असते. आकडे पुसट झालेत, नवी घ्यायचं मनात येत नाही. लॅबला जायच्या आधी मी रोज वॉर्डात एक फेरी मारते, चादरी सरकवते. म्हातारे लोक पाय ओढून घेतात, मग मी नातं सांगते, आणि पाय सरळ होतात. मामींची रीत मी जशीच्या तशी चालवते, फक्त एक बदल केला आहे.

परवा नवी सिस्टर आली, नांदगावकडची पोरगी. तिच्या हातात टेप दिली, पोटरी कशी मोजायची ते सांगितलं. ती लगबगीनं पहिल्या पलंगाकडे निघाली. मी तिला थांबवलं, स्टुलावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दोन्ही पाय तिच्यासमोर ठेवले. ती कावरीबावरी झाली.

"मॅडम... आपके पैर? पर सब तो आपको मामी बोलते हैं."

"हव," मी म्हणाले. "म्हणूनच. पहिले मामीचे."